पालखी पाखाडीवरून उतरत नाही

“अगो पाखाडे, वरनं धावत येणारं माणूस तुझ्यावर आदळतं गो. तू दगडाची, तुला काय वाटायचं नाय. त्याच्या गुडघ्यांना विचार जरा.”

सोनूबाई माझ्या दहाव्या पायरीवर बसून असं म्हणाली होती. लाकडांची मोळी बाजूला टेकवून, पाय लांब करून ती नेहमीच माझ्याशी बोलत बसायची. मी ते मनावर घेतलं नाही. म्हातारी दमली की काहीतरी बोलत असते, असं मला वाटलं. मित्रांनो, ती चूक माझी होती, आणि तीच सांगायला आज मी बोलते आहे.

रत्नागिरीच्या बाजूला एका डोंगरउतारावर आमची वाडी आहे. खाली देवीचं देऊळ, विहीर आणि भाताची शेतं. वर घरं. खालून वर जायला जांभ्या दगडाच्या एकशे सात पायऱ्या आहेत. अशा पायऱ्यांच्या वाटेला आमच्याकडे पाखाडी म्हणतात. ती मी.

मला कोणा सरकारनं बांधलं नाही. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारावरच्या, खाणीतून चिरे काढून, ते डोक्यावरून आणून वाडीतल्या माणसांनीच मला रचलं. ज्या घरानं जी पायरी घातली ती त्या घराची, असा इथला रिवाज आहे. पावसाळा संपला की ज्यानं त्यानं आपापल्या पायरीवरचं शेवाळ खरवडायचं आणि हललेला दगड बसवायचा. माझी एकेचाळिसावी पायरी, वळणावरची, ही ज्याची गोष्ट मी सांगणार आहे त्या आनंदाच्या पणज्यानं घातलेली. ती इतर पायऱ्यांपेक्षा वीतभर उंच आहे. पणजोबा स्वतः उंच होते म्हणे, त्यांनी आपल्या मापानं दगड काढला. मागून येणाऱ्यांच्या पायांचा विचार करायचा राहून गेला.

वर्षभर माझ्यावरून माणसं, गुरं, पाण्याच्या कळशा आणि शाळेची दप्तरं जातात. पण माझा मोठा दिवस शिमग्यातला. त्या दिवशी देवीची पालखी देवळातून निघते आणि ढोलताशांच्या गजरात माझ्यावरून चढून वाडीत येते. पुढच्या दांड्याचा डावा खांदा आनंदाच्या घराचा. आनंदाच्या वडिलांनी तीस वर्षं तो मान सांभाळला. १९८४ च्या भाद्रपदात ते वारले, आणि आनंदा मुंबईहून घरी आला तो कायमचाच.

आनंदा मुंबईत एका कँटीनमध्ये आचारी होता. बारा वर्षं भट्टीसमोर उभं राहून, दिवसभर चव घेऊन घेऊन तो चांगलाच वाढला होता. पहिल्यांदा माझ्यावरून वर चढला तेव्हा पंधराव्या, तिसाव्या आणि पन्नासाव्या पायरीवर बसला. रत्नागिरीच्या दवाखान्यातल्या काट्यावर त्याचं वजन एकशे चार किलो भरलं होतं. हे वाडीत सगळ्यांना ठाऊक झालं, कारण ते त्यानं स्वतःच सांगितलं. लपवाछपवीचा त्याचा स्वभाव नाही.

त्याची बायको बकुळा देवरूखच्या कॉलेजात शिकलेली. त्यांची मुलगी चिमा तेव्हा आठ महिन्यांची होती. बकुळा सगळ्यांवर डोळा ठेवून असायची. कोण खोकतंय, कोण दोन घास कमी जेवतंय, कोणाचं पोर निस्तेज दिसतंय, ते तिला आधी कळायचं. आनंदा तिला म्हणायचा, “बकुळे, तू वाडीची नर्स झालीस की काय?” ती हसायची, पण विचारायचं सोडायची नाही.

दिवाळीनंतर गावकरांनी माझ्या वरच्या टोकाला बैठक घेतली. गावकर म्हणजे पालखीचे मानकरी, त्यांचा शब्द शेवटचा.

“आनंदा, बापाचा खांदा तुझा,” ते म्हणाले. “पण झेपंल काय? सांग आताच. मधेच पालखी टेकवून चालायची नाय. नसंल जमत तर तुझा चुलतभाऊ धाकू आहे. फक्त एक ध्यानात ठेव, खांदा एकदा त्याच्या घराकडं गेला की मागं यायचा नाय.”

धाकू तिथंच बसला होता. काटक अंगाचा, तोंडाचा फटकळ, मनानं वाईट नाही. तो म्हणाला, “आनंदादा, तू असा कर. तू पालखीत बस, आम्ही देवीला हाताला धरून चालवत आणतो!”

सगळे हसले. आनंदाही हसला. पण हसून झाल्यावर त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, “शिमग्याला चार म्हयने आहेत. मी तयार होतो.”

दुसऱ्या दिवशी पहाटे तो माझ्यावर आला. अनवाणी. वरच्या पायरीवर उभा राहून त्यानं हात जोडले, आणि धावत सुटला. खाली गेला, धापा टाकत वर आला, परत खाली. अकरा फेऱ्यांचा नेम त्यानं देवीपुढे बोलला होता. पालखी ह्याच पायऱ्यांवर उचलायची, तर सराव ह्याच पायऱ्यांवर करायचा, असा त्याचा हिशेब. आणि पालखीला पायात वहाण चालत नाही, म्हणून सरावालाही चालणार नाही.

खरं सांगते, मला अभिमान वाटला. माणूस घाम गाळतोय, हळूहळू हलका होतोय, आणि हे माझ्यामुळे होतंय, असं मी समजत होते. सोनूबाईनं मला टोकलं ते ह्याच दिवसांत. ती आनंदालाही म्हणाली, “आनंदा, मेल्या, उतरताना तरी चाल की रे. कोण पाठीस लागलंय तुझ्या?”

“आते, थांबलो की परत सुरू व्हायचा नाय बघ,” असं म्हणून तो पुढे धावला.

मित्रांनो, एक गोष्ट मला पायांखाली पडून कळली आहे, ती सांगते. चालणारं माणूस मला साधारण त्याच्या वजनाइतकंच लागतं. तेच माणूस धावत उतरलं की दुप्पट, तिप्पट जड होऊन आदळतं. चिखल ते ओझं थोडं गिळतो, मऊ माती थोडं गिळते. मी दगड. माझ्यात काही मुरत नाही. मी ते जसंच्या तसं त्याच्याच पायात परत पाठवते. मग ते टाचेत जातं, गुडघ्यात जातं, कमरेत जातं. एकशे चार किलोच्या माणसाचं अकरा वेळा एकशे सात पायऱ्यांचं ओझं किती होतं, ते तुम्ही वहीवर करून बघा. आणि त्यात ती माझी उंच एकेचाळिसावी पायरी.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पावलांचा आवाज बदलला. आधी दोन्ही पाय सारखे पडायचे. आता उजवा हळू पडायला लागला आणि डावा जास्त जोरात. मला तो फरक कळला. पण मी मनाशी म्हटलं, होतं असं कधीकधी, सवय झाली की जाईल. बकुळालाही तो पडवीत बसल्या बसल्या कळला. चिमाला मांडीवर घेऊन ती कान देऊन असायची.

“अहो, उजवा पाय दुखतोय ना तुमचा?”

“छे. थोडा आखडलाय. गरम झाला की सुटतो.”

“सकाळी उठताना पलंगाची कड धरता तुम्ही.”

“तू झोपेतपण बघत असतेस काय गो?”

पौष लागला. त्या सकाळी धुकं होतं आणि मी दवानं ओली होते. आनंदा सातव्या फेरीला वळणावर आला, एकेचाळिसाव्या पायरीवरून उजवा पाय खाली टाकला, आणि तो पाय त्याचा राहिलाच नाही. तो घसरला नाही, पडलासुद्धा नाही. नुसता खाली बसला, गुडघा दोन्ही हातांत धरून. चेहरा पांढरा पडला होता. बकुळाला पावलांचा आवाज मधेच थांबलेला ऐकू आला आणि ती चिमाला कडेवर घेऊन आली. तिनं गुडघ्यावर हात ठेवला. तो सुजला होता आणि तव्यासारखा तापला होता.

धाकूनं आणि आणखी तिघांनी त्याला लाकडी खुर्चीत बसवून, खुर्चीला बांबू लावून माझ्यावरून खाली नेलं. तेव्हाही धाकूला राहवलं नाही. “आनंदादा, पालखी तू उचलायचीस असं ठरलं होतं. ही तर तुझीच निघाली!” पण त्यानं आपल्या बाजूचा बांबू इतका सांभाळून धरला होता की खुर्ची एकदाही हिसकली नाही.

दुपारी रत्नागिरीहून एस.टी.नं ती दोघं परत आली आणि माझ्या पहिल्या पायरीवर बसली. म्हणून पुढचं बोलणं मला ऐकू आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गुडघ्यातली गादी झिजायला लागली आहे, पण अजून वेळ गेलेली नाही. सूज उतरेपर्यंत विश्रांती. गार पाण्याच्या घड्या. मग चालणं. धावायचंच असेल तर सपाट, मऊ वाटेवर, पायात बूट घालून, थोडं थोडं. उतारावर धावणं बंद.

“संपलं,” आनंदा म्हणाला. “धाकूला सांगतो, खांदा घे म्हणून. बापानं तीस वर्षं सांभाळला, मी एक साल नाय सांभाळू शकलो.”

 बकुळा खालून वर माझ्याकडे बघत होती, पायरी पायरीनं.

“अहो, पालखी ह्या पाखाडीवरून खाली कधी उतरते?” तिनं विचारलं.

“खाली कशाला उतरंल? घरं झाली की पलीकडच्या बैलवाटेनं जाते पुढच्या वाडीला. आलेल्या वाटेनं देवी परतत नाय, ठाऊक नाय काय तुला?”

“ठाऊक आहे. म्हणून तर विचारते. पालखी फक्त चढते. मग तुम्ही रोज अकरा वेळा धावत उतरत कशाला होतात?”

आनंदानं कपाळावर हात मारला. इतकी वर्षं पालखी अंगावर घेऊन मलाही ते सुचलं नव्हतं.

“आणि पालखीला वहाण नको, कबूल,” ती पुढे म्हणाली. “पालखी एक दिवस असते. बाकीच्या दिवसांत पायात बूट घातलेत म्हणून देवी रागवायची नाही. रागावली तर मला रागवेल. मी बोलेन तिच्याशी.”

सूज उतरायला अडीच आठवडे लागले. तेवढे दिवस आनंदा ओट्यावर बसून असायचा. बकुळा त्याच्या पायाला वाळूची पुरचुंडी बांधायची आणि पाय सरळ करून दहा अंक मोजायला लावायची. मांडी बळकट झाली की गुडघ्याचा भार मांडी उचलते, असं डॉक्टरांनी तिला समजावलं होतं. रात्रीच्या भाताच्या तीन मुदींची एक झाली. त्यावर आनंदानं थोडी कुरकुर केली. “आचाऱ्याला उपाशी ठेवतेस, पाप लागंल तुला.” तिनं ताटात भाजी जास्त वाढली, भात नाही.

मग ती गंगारामकाकांकडे गेली. गंगारामकाका लष्करातून निवृत्त झालेले हवालदार. नव्या भरतीच्या पोरांना पळवण्यात त्यांची हयात गेलेली. ते आले, आनंदाला दोनदा चालवून बघितलं आणि म्हणाले, “उद्यापासून बैलवाटेवर यायचं. मातीची वाट आहे, सपाट आहे. विजेचे खांब आहेत ना? दोन खांब चालायचं, एक खांब धावायचं. धावायचं म्हणजे उड्या मारायच्या नाहीत. पावलं छोटी टाकायची, आवाज कमी यायला पाहिजे. आणि धावता धावता देवीपुढं घालतात ते गाऱ्हाणं म्हणायचं, मोठ्यानं.”

“गाऱ्हाणं?”

“‘व्हय म्हाराजा’ म्हणताना दम तुटला की समज, तू तुझ्या ताकदीपलीकडं गेलास. तिथं धावणं बंद, चालणं सुरू.”

बैलवाट माझ्या वरच्या टोकापासून सुटते, म्हणून मला रोज पहाटे ऐकू यायचं. बुटांचा थप थप आवाज आणि त्यावर आनंदाचा भसाडा सूर, “बा देवी म्हाराजा, ह्या लेकराच्या गुडघ्याक सांभाळ, व्हय म्हाराजा...” पहिल्या दिवशी दुसऱ्याच शब्दाला दम तुटला. कुत्री भुंकली. सोनूबाई दारात येऊन पोट धरून हसली. “देवी उठली असंल आता, जा घरी!”

एक दिवस धावायचं, एक दिवस नुसतं चालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा दुखला तर त्या दिवशी काहीच नाही. हा शेवटचा नियम आनंदाला सगळ्यांत जड गेला. माझ्यावर तो रोज एकदाच यायचा, फक्त चढायला, सावकाश, खांद्यावर भाताचं गाठोडं घेऊन. उतरायचा तो बैलवाटेनं, लांबचा वळसा घेऊन, चालत. गाठोडं दर आठवड्याला थोडं वाढायचं. आणि एका रविवारी तो छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि एकेचाळिसाव्या पायरीच्या खाली त्यानं एक अर्धी पायरी बसवली. पणज्याची पायरी तशीच ठेवली. माझ्या पायऱ्या आता एकशे साडेसात झाल्या, असं धाकू म्हणतो.

१९८५ चा शिमगा मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला. आनंदा एक्याण्णव किलोवर आला होता. बारीक नव्हताच. पालखी आली तेव्हा ऊन कलतं होतं आणि दगड अजून गरम होते. अनवाणी पाय मी ओळखला. उजवा, डावा, उजवा, डावा, सारखे. बकुळा वरच्या टोकाला उभी होती. तिचे डोळे पालखीवर नव्हते, त्याच्या गुडघ्यावर होते.

वळणावर पालखी नाचवायची पद्धत आहे. ढोल चढला, बाकीचे तिघे उडायला लागले. आनंदा थांबला, पाय अर्ध्या पायरीवर रोवून.

“नाचव की आनंदादा!” मागच्या दांड्यावरून धाकू ओरडला.

“वर सपाटीला नाचवीन. हितं चालवणार.”

क्षणभर ढोल अडखळला. सगळ्यांनी गावकरांकडे बघितलं. गावकर म्हणाले, “खांदा त्याचा आहे. पाऊल त्याचं. चला.” मग धाकूनंही उड्या थांबवल्या आणि आनंदाच्या पावलाशी पाऊल जुळवलं. माझ्यावरून पालखी इतकी शांत कधी चढली नव्हती. वर अंगणात आनंदा दोनच गिरक्या नाचला. दुसऱ्या दिवशी गुडघा थोडा दुखला, मग राहिला. खांदा त्याच्याच घरात आहे, आजपर्यंत.

ह्याला आता चार वर्षं झाली. वाडीत डांबरी सडक आली, रिक्षाही कधीमधी येते. माझ्यावरून येणारी माणसं कमी झाली. दोन पावसाळे झाले, कित्येक घरांनी आपापल्या पायरीवरचं शेवाळ काढलेलं नाही. सोनूबाई गेली. माझ्याशी बोलणारं आता कोणी नाही, पण त्याचं मी रडगाणं लावत नाही. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

विहीर अजून खालीच आहे. बकुळा दिवसातून सहा खेपा माझ्यावरून करते. तिला गेल्या वर्षी मुलगा झाला, त्या बाळंतपणापासून तिचं वजन वाढलं. मूल पाळण्यात झोपलं की ती कळशी घेऊन निघायची, आणि ते उठायच्या आत परत पोचायचं म्हणून धावत उतरायची. रोज, अनवाणी, माझ्या दगडावर. आनंदाचं धावणं सगळ्या वाडीनं बघितलं. हे धावणं कोणी धावणं म्हणून मोजलंच नाही.

गेल्या दोन महिन्यांपासून ती धावत नाही. ती एक पाय खाली ठेवते, मग दुसरा त्याच पायरीवर आणून टेकवते, आणि मगच पुढची पायरी. वळणावर ती कडेचा दगड धरते. वाटेत कोणी भेटलं तर चाल नेहमीसारखी करते आणि विचारते, “काकी, गुडघा कसा आहे? गार पाण्याच्या घड्या घेता ना?” वर पोचली की हसत हाक मारते, “आले रे राजा, उठलास का?” आनंदाला अजून रोज ती पाय सरळ करून दहा अंक मोजायला लावते. तिच्या पायासाठी अंक मोजायला कोणी नाही.

पहिल्यांदा मी ऐकलं नाही, त्याचं काय झालं ते मी सांगितलं. ह्या वेळी मी ऐकते आहे, पण माझा आवाज वाडीत कोणाला ऐकू येत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही असं एक माणूस असेल, जे सगळ्यांच्या दुखण्याची चौकशी करतं. आज ते जिना किंवा पायऱ्या उतरत असताना खाली उभे राहा आणि फक्त पायांकडे बघा. दोन्ही पाय एकाच पायरीवर येतात का, कठडा धरावा लागतो का, बघा. आणि दुखतंय का असं लगेच विचारू नका, ते नाही म्हणेल. आधी त्याच्या हातातली कळशी घ्या. मग विचारा.